माशी कोणाची

खोली पाहायला गेलो तेव्हा घरमालक गोठ्यात पालथ्या बादलीवर बसून समोरच्या भिंतीकडे पाहत होते. भिंतीवर काहीच नव्हते. मी नाव सांगितले, कोणत्या दैनिकाचा वार्ताहर आहे ते सांगितले, बोईसरमध्ये मनासारखी खोली मिळत नसल्याने दांडीच्या रस्त्यावर इथवर आलो असेही सांगितले. त्यांनी मान वळवली नाही.

"थांबा," ते म्हणाले. "अजून बसली नाही."

काही वेळाने एक माशी आली, म्हशींच्या पाठीवरून फिरली आणि आढ्याला बांधलेल्या सुतळीवर बसली. ते उठले, बंडीच्या खिशातून खडू काढला आणि सुतळीखाली भिंतीवर बारीक रेघ ओढली. मग माझ्याकडे वळून विचारले, चहात साखर किती घेता? मी कमी घेतो म्हणालो. खोली मिळाली. नोकरी, गाव, लग्न, जात, खाणेपिणे यांपैकी त्यांनी काहीही विचारले नाही. माझ्या आधीचा भाडेकरू शीतपेयाच्या उघड्या बाटल्या खिडकीत ठेवायचा आणि त्यावरून त्याला खोली सोडावी लागली, हे नंतर मालकांच्या पत्नीकडून, काकूंकडून, कळले.

मालक मूळचे साताऱ्याकडचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कीटकनाशके बनवणाऱ्या एका कंपनीच्या पॅकिंग खात्यात त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर ते गावी परतले नाहीत. दांडीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून जागा घेतली, मागे घर बांधले, पुढे गोठा घातला आणि म्हशी बांधल्या. रस्त्याच्या पलीकडे सुरूची झाडे होती आणि झाडांपलीकडे मासळी वाळवायची मोकळी जागा. तिथे बांबूच्या वलांड्यांवर, म्हणजे आडव्या बांधलेल्या काठ्यांवर, बोंबील टांगलेले असत. गोठा आणि वलांड्या यांच्यामध्ये फक्त रस्ता आणि झाडे होती. पुढे जे घडले ते त्या दोहोंच्या मधल्या हवेतच घडले.

गावात त्यांना औषधवाले म्हणत. फवारणीच्या द्रव्याला औषध म्हणणे सगळीकडेच रूढ आहे आणि ते स्वतःही तोच शब्द वापरत, पण एखाद्या वैद्याने वापरावा तसा. औषध मारायचे त्या दिवशी ते सकाळपासून काही खात नसत. म्हशी बाहेर हलवल्या जात, गव्हाणींवर ताडपत्री पडे, पाण्याची टाकी रिकामी करून पालथी होई. मग ते कंपनीतला जुना मुखवटा चढवत. मुखवटा नीट बसावा म्हणून त्यांनी ऐन उमेदीत मिशी काढली होती आणि साताऱ्याच्या भावकीत तिचा अजून उल्लेख होई. पाठीवरचा पंप घेऊन ते गोठ्यात शिरत आणि सगळीकडे फवारण्याऐवजी फक्त खडूच्या रेघांवर औषध मारत. त्यानंतर आंघोळ, कपडे वेगळे, आणि मग जेवण. जनावराच्या अंगावर त्यांनी औषध मारल्याचे मी पाहिले नाही.

त्यांची कार्यपद्धती दोन वाक्यांत सांगता येते, आणि ती दोन्ही वाक्ये ते रोज सांगत. पहिले: शेण उचलले की निम्मे औषध मारून झाले. दुसरे: माशी बसते कुठे ते आधी बघा. दुपारी ती दक्षिणेच्या उन्हाच्या भिंतीवर असते, संध्याकाळी दोरावर चढते, ढगाळ दिवशी गव्हाणीच्या कडेला जाते. हे शोधण्यासाठी ते बादलीवर तासन्‌तास बसत. आढ्याला त्यांनी आडव्या सुतळ्या बांधल्या होत्या, कारण माशीला अधांतरी दोरी आवडते. सुतळ्या औषधात भिजवून वाळवलेल्या असत. नव्या पाहुण्याने त्यावर टॉवेल टाकू नये म्हणून काकू दारातच सूचना देत.

एकच औषध ते सलग वापरत नसत. कारण विचारले तर म्हणत, "औषध जावयासारखं. पहिल्यांदा आला की सगळं घर उभं राहतं. चौथ्यांदा आला की कोणी पाय आवरत नाही." म्हणून दर काही फवाऱ्यांनी जावई बदलायचा. त्यांना स्वतःला एकच जावई होता. तो डोंबिवलीला असे, आणि हे वाक्य त्याच्यासमोर उच्चारायला काकूंची बंदी होती.

बोईसरहून दूध न्यायला येणारा उत्तर भारतीय दूधवाला त्यांची चेष्टा करी. "चाचा, भैंस पाले हो कि मक्खी?" तो रोज विचारी. मालक रोज गंभीरपणे उत्तर देत की म्हैस आपली असते, माशी कोणाची असते ते अजून ठरायचे आहे. दूधवाल्याला ते उत्तर विनोद वाटे. मलाही वाटे.

त्यांना माशांचा राग होता की लळा, हे मला कधी सांगता आले नाही. एकदा माझ्या चहात माशी पडली. त्यांनी ती चमच्याने काढून वर्तमानपत्रावर ठेवली. माझीच बातमी त्या पानावर होती. मग चुलीतली कोरडी राख चिमटीने तिच्यावर टाकली आणि वाट पाहत बसले. राख हलली, माशी बाहेर आली, पंख झाडून उडून गेली. ते समाधानाने हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उन्हाची भिंत फवारली आणि खाली मेलेल्या माशांचा सडा पडला. कालची वाचवलेली त्यात असेल, असे मी म्हणालो.

"कालची पाहुणी होती," ते म्हणाले.

मी याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला. दोन्ही कृती एकाच माणसाच्या होत्या, दोन्हींत चेहरा सारखाच शांत होता, आणि दोन्हींच्या मध्ये एका रात्रीचे अंतर होते. यापलीकडे नोंदवण्यासारखे काही हाती लागले नाही.

हिराबाय वलांड्यांची मालकीण होती. नवऱ्याची होडी, बोंबील वाळवणे आणि विकणे तिच्याकडे. एक लेक एडवणला दिलेली, दुसरी घरात. पावसाळा संपून मासळी वाळायला लागली की माशा वाढत, आणि तिच्या मते त्या सगळ्या रस्ता ओलांडून येत. ती रस्त्यावरूनच ओरडून सांगे, "दादा, तुमच्या म्हशींच्या माश्या माज्या बोंबलांवर बसल्यात, न्या परत." मालक गोठ्यातून उत्तर देत की ओळख पटवून घेऊन जा. हे बरीच वर्षे चालले होते आणि त्यात भांडण नव्हते.

भांडण झाले ते मी तिथे राहायला गेल्यानंतर. त्या हंगामात ढगाळ हवा लांबली, बोंबील ओले राहिले, माशांनी अंडी घातली आणि हिराबायच्या मालात अळी निघाली. व्यापाऱ्याने माल परत पाठवला. ती गोठ्यात आली आणि औषध मागू लागली. गोठ्यात मारता तेच थोडे द्या, वलांडीवर मारते. मालकांनी नकार दिला. खाण्याच्या जिनसेवर औषध पडता कामा नये, म्हणाले. ती म्हणाली, पावडर तरी द्या, बांबूच्या पायाशी टाकते. त्यालाही ते नाही म्हणाले, कारण आज पायाशी टाकलेली उद्या वर चढते, माणसाचा हात पायाशी थांबत नाही. मग त्यांनी तिला उपाय सांगितला. वलांड्यांवर बारीक जाळे टाक.

हा सल्ला बरोबर होता. पण तो कोणाला दिला जात आहे याचे भान त्यांना राहिले नाही.

हिराबायने पदर खोचला. मग म्हणाली, "जालं तुमी मला शिकवता? जलम जाल्यात गेला माजा." आणि जाताना पुढे म्हणाली की म्हशीला औषध आणि आमच्या मासळीला जाळे, हा कुठला न्याय.

तिने ग्रामपंचायतीत अर्ज दिला. गोठ्यामुळे माशा होतात, मासळी नासते, गोठा हलवावा. तिच्यामागे वाळवणाऱ्या इतर बायकाही उभ्या राहिल्या. गोठा हलवायचा म्हणजे बंद करायचा, हे सगळ्यांना माहीत होते, कारण मालकांकडे दुसरी जागा नव्हती. काकूंनी त्या आठवड्यात मला दोनदा विचारले की पंचायत खरेच असे करू शकते का. मी नियम तपासून सांगतो म्हणालो. नियम तपासले. त्यांत गोठा होता, उपद्रव होता, पण माशी कोणत्या जागेची हे कसे ठरवायचे ते कुठेच नव्हते.

ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. सरपंचबाई तरुण होत्या, दोन्ही बाजूंना काका आणि मावशी म्हणत होत्या आणि त्यामुळे कोणाच्याच बाजूने बोलू शकत नव्हत्या. हिराबायने आपले म्हणणे मांडले. मालकांची पाळी आली. काकू मागे बसल्या होत्या. सगळ्यांची अपेक्षा होती की ते म्हणतील, माशा मासळीच्या आहेत. ते उठून म्हणाले, "माशा कोणाच्या ते मलाही कळत नाही. बघू या."

त्यांनी मांडलेली चाचणी अशी होती. माशी जे पिते त्याचा रंग तिच्या विष्ठेत उतरतो, आणि ती बसते तिथे ठिपका सोडते. गोठ्यात गुळाच्या पाण्यात मिठाईचा गुलाबी रंग मिसळून ठेवायचा. वलांड्यांशी तसेच हिरवे पाणी ठेवायचे. दोन्हीकडे पांढरी कापडे टांगायची. काही दिवसांनी कापडे सभेत आणायची आणि कोणाच्या कापडावर कोणाचा रंग आला ते बघायचे. "हिराबायच्या कापडावर गुलाबी ठिपका दिसला तर गोठा बंद," ते म्हणाले. हे त्यांना कोणी मागितले नव्हते. मागून काकूंनी "अहो" म्हटलेले ऐकू आले, तोवर शब्द गेला होता.

सभेत एकाने विचारले की रंगीत गूळपाण्यावर आणखी माशा येणार नाहीत का. मालक म्हणाले, येतील. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्या वेळी कोणी नीट ऐकली नाही. चाचणी चालू असेपर्यंत ते औषध मारणार नव्हते. मेलेली माशी रस्ता ओलांडत नाही.

सुतळ्या उतरल्या. भिंती चुन्याने धुऊन निघाल्या. पंप खुंटीला लागला. शेण उचलणे चालू होते, पण हवा दमट होती आणि त्या दोन वाक्यांपैकी एकच उरले होते.

पुढचे दिवस मला नीट आठवतात. म्हशी शेपट्यांनी स्वतःला मारून घेत होत्या, पाय आपटत होत्या, दूध कमी देत होत्या. दूधवाल्याने थट्टा बंद केली. मी जेवताना एका हाताने घास घेत होतो आणि दुसरा हात पानावर फिरवत होतो. शाळेत मुले पाटीवरच्या माशा उडवत होती, किराणा दुकानदाराने गुळाच्या ढेपेवर लुगडे टाकले होते, मंदिरातल्या प्रसादाच्या पेढ्यांवर पुजाऱ्याने चाळण पालथी घातली होती. गोठ्यात औषध मारले जात होते तेव्हा त्याचा उपयोग रस्त्याच्या कुठल्या कुठल्या टोकापर्यंत होत होता, ते आता दिसत होते. मालक बादलीवर बसून होते. खडूच्या रेघा पुरेनाशा झाल्या तेव्हा त्यांनी रेघा मारणे थांबवले आणि नुसते पाहत राहिले. त्यांच्या कपाळावर माशा बसत, त्यांनाही ते उडवत नसत. काकूंनी मला सांगितले की हे झोपेत भिंती मोजतात. भिंती चारच होत्या.

हिराबाय रस्ता ओलांडून आली. तिचे बोंबील आधीपेक्षा वाईट अवस्थेत होते. ती बादलीसमोर उकिडवी बसली. मी दारात उभा होतो.

"दादा, ते कापड काढा नि औषध मारा. मला कललं."

"काय कळलं?"

"माश्या तुमच्याकडं येतात, पन तुमी अडवता. तुमी नसता तर हे असं हाय."

"हे तुला कळलं," ते म्हणाले. "मला नाही कळलं अजून."

ती म्हणाली, अर्ज मागे घेते. ते म्हणाले, अर्जाचे काय, घे. चाचणी मागे घेता येत नाही. तिने माझ्याकडे पाहिले. एखाद्या सुशिक्षित माणसाने इथे काहीतरी बोलावे अशी तिची अपेक्षा असावी. इतकी वर्षे समोर राहून आपण या बाईच्या ताटात माशा धाडल्या का, हे त्या माणसाला जाणून घ्यायचे होते, आणि उत्तर मिळवण्यासाठी तो तिच्या ताटात आणखी माशा धाडत होता. हे विसंगत आहे एवढे मला समजत होते. चूक नेमकी कुठे आहे ते सांगता येत नव्हते.

दुसऱ्या ग्रामसभेला पहिल्यापेक्षा अधिक गर्दी होती. दोन्ही कापडे फळ्यावर टाचली होती. लोक जवळ जाऊन, वाकून, मोबाइलवर फोटो काढून मोठे करून पाहत होते. मालकांच्या कापडावर गुलाबी ठिपके दाट होते आणि त्यांत हिरवेही होते. हिराबायच्या कापडावर हिरवे दाट होते आणि त्यांत गुलाबी होते. दोघांच्या माशा दोघांकडे जात होत्या. इथपर्यंत सरळ होते.

पण हिराबायच्या कापडावर पिवळे ठिपकेही होते. पिवळे कोणी ठेवलेच नव्हते.

सभेत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, पलीकडच्या मंगल कार्यालयातली जिलबी. कोणी म्हणाले, हळद. सरपंचबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच सुटका दिसली. त्या म्हणाल्या, याचा अर्थ माशा तिसरीकडूनही येतात, मग एकट्या गोठ्याला दोष कसा देणार. बऱ्याच माना हलल्या. विषय तिथेच संपला असता.

मालक उठले. "पिवळा धरू नका," ते म्हणाले.

सरपंचबाईंनी विचारले, का?

"बोलणं गुलाबीचं झालं होतं. गुलाबी आहे."

हिराबाय बसल्या जागेवरून म्हणाली, "तो गुलाबी नाय. बोंबलाचं पानी हाय ते."

"बोंबलाचं पाणी गुलाबी नसतं, हिराबाय."

"माज्या बोंबलाचं असतं."

लोक हसले. ती हसली नाही, आणि मालकही नाहीत. फिर्यादी म्हणत होती गुन्हा झालाच नाही, आणि आरोपी पुरावा हातात घेऊन उभा होता. सरपंचबाईंनी दोघांना आळीपाळीने बसायला सांगितले. अर्ज मागे घेतला असल्याने पंचायतीपुढे विषयच उरलेला नाही, असे ग्रामसेवकाने जाहीर केले. त्यामुळे गोठा बंद करण्याचा ठराव झाला नाही. सभा उठताना अनेकांनी मालकांचे अभिनंदन केले. ते प्रत्येकाला सांगत होते की गोठा बंद होणार आहे.

मी त्या सभेची बातमी पाठवली. डेस्कवरून दूरध्वनी आला. बातमीत कोण जिंकले ते कळत नाही, असे उपसंपादकाचे म्हणणे होते. मी पुन्हा लिहून पाठवली. त्याने दुसऱ्यांदा विचारले की मग गोठा बंद झाला का. मी म्हणालो, ठराव झाला नाही, पण बंद होतोय. का होतोय? मी जे पाहिले ते सांगितले. त्याने बातमी ठेवून दिली. ती छापून आली नाही.

म्हशी महामार्गाकडच्या एका मोठ्या तबेल्यात गेल्या. ट्रक आला त्या सकाळी दूधवाला मदतीला होता. प्रत्येक म्हैस चढवताना मालक तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. निरोप देताहेत असे मला वाटले. जवळ गेल्यावर दिसले की ते माशा उडवत होते.

पिवळ्या ठिपक्यांचा उलगडा त्यानंतर झाला. मी खोली सोडण्याचे ठरवले होते, पालघरच्या कार्यालयात बदली झाली होती. काकू निरोपाचा चहा घेऊन आल्या, कपावर बशी झाकलेली. त्यांनी आपणहून सांगितले. गोठा वाचावा म्हणून त्यांनीच सुरूच्या झाडांमागे द्रोणात पिवळे गूळपाणी ठेवले होते. तिसरीकडून माशा येतात असे दिसले तर गोठा सुटेल, असा हिशोब.

"बोटं पिवळी राहिली होती माझी," त्या म्हणाल्या. "भाकरी वाढताना ह्यांनी बोटांकडं पाहिलं. भाकरी खाल्ली."

म्हणजे सभेत उभे राहिले तेव्हा त्यांना सगळे माहीत होते. पिवळा ठिपका त्यांच्या बायकोचा होता आणि तो त्यांना वाचवत होता. त्यांनी तो नाकारला, आणि कोणाचा आहे तेही सांगितले नाही. मी काकूंना विचारले की त्यांना याचा राग आला का. त्या म्हणाल्या, राग आला, आणि नाहीही आला. नंतर त्या म्हणाल्या की गुडघ्यांमुळे ह्यांना म्हशी झेपतच नव्हत्या, कदाचित निमित्त हवे असेल. पुढच्याच वाक्यात म्हणाल्या, निमित्त हवे असते तर ट्रक गेल्यावर दोन दिवस जेवण टाकले नसते. दोन्ही विधाने त्यांनी सारख्याच खात्रीने केली. मला दोन्ही पटली.

गोठा गेला म्हणून वलांड्यांवरच्या माशा गेल्या नाहीत. थोड्या कमी झाल्या असतील, मोजण्याचे साधन नव्हते. हिराबायने पुढच्या हंगामात जवळा पकडायच्या जाळ्याचा बारीक विणीचा तुकडा कापून वलांड्यांवर टाकला. हे जाळे तिचेच, डोके तिचेच, असे ती सांगत फिरली. मालकांनीही सगळ्यांना तेच सांगितले.

त्यानंतर काही महिन्यांनी मी दांडीला एका बंदरविषयक बैठकीची बातमी करायला गेलो. परतताना गाडी थांबवली. गोठ्याचे दार उघडे होते. आत चुन्याने पांढऱ्या झालेल्या भिंती, रिकाम्या गव्हाणी, आणि कोपऱ्यात एक शेळी बांधलेली. शेळी हिराबायची होती. काकूंनी दारातच हलक्या आवाजात सांगितले की म्हशी गेल्यावर हे बादलीवर बसायचे, पण भिंतीवर बसायला काही येत नव्हते. दिवसदिवस नुसती भिंत. ते पाहून हिराबायने आपली शेळी आणून बांधली. कारण विचारले तर म्हणाली, माज्याकडं जागा नाय. तिच्याकडे जागा भरपूर होती.

मालक बादलीवर होते. मला पाहून त्यांनी ओळखीची मान हलवली. हिराबाय शेळीपुढे पाला टाकत होती. पंप खुंटीवर होता, त्याची नळी वाळून कडक झालेली दिसत होती. आढ्याला एक सुतळी पुन्हा बांधली होती. तिला औषधाचा वास नव्हता.

मी चहात साखर किती घेतो हे त्यांना अजून लक्षात होते. आम्ही चहा घेतला, कपावर झाकलेली बशी उचलून. ते तबेल्याबद्दल बोलले, तिथे म्हशींच्या अंगावरच औषध मारतात असे दूधवाला सांगतो म्हणाले. काही वेळाने एक माशी आली. शेळीच्या कानावरून फिरली, गव्हाणीच्या कडेला टेकली, पुन्हा उडाली आणि सुतळीवर बसली.

"बसली," मालक म्हणाले.

शेळीने पाला चावायचे थांबवले नाही.

"ही कोणाची?" त्यांनी विचारले. ते सुतळीकडेच पाहत होते, पण प्रश्न हिराबायला होता.

तिने हातातली फांदी खाली टाकली, पदराला हात पुसले आणि वर, सुतळीकडे, नीट पाहून घेतले.

"तुमचीच हाय, दादा," ती म्हणाली.

मालकांनी मान डोलावली. ते उठले, बंडीच्या खिशातून खडू काढला आणि सुतळीखालच्या भिंतीवर एक बारीक रेघ ओढली.